बुळकांडीचा शेवट

बुळकांडी हें नांव आज खेड्यांतील तरुणाच्या कानांवर क्वचितच पडतें. ज्यांच्या दावणी या रोगानें रिकाम्या केल्या, त्या पिढ्यांना मात्र तें पटकीइतकेंच भयंकर होतें. प्रथम जनावराचें अंग तापे, तें रवंथ सोडी, डोळ्यांतून व नाकांतून पाणी वाही. मग तोंडांत चट्टे पडून ढाळ सुरू होई, आणि थोडक्याच दिवसांत बैल आडवा होई. बैल गेला म्हणजे नांगर थांबला, मोट थांबली, आणि कर्जाला वाट मोकळी झाली.

सन १८७१ सालीं हिंदुस्थानांतील गुरांच्या सांथींविषयीं सरकारनें नेमलेल्या मंडळाचा अहवाल निघाला. १८८६ सालीं मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय सुरू झालें, आणि १८८९ सालीं पुण्यास जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा स्थापन होऊन अल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. परंतु असल्या स्पर्शजन्य रोगाचे प्रयोग दाट वस्तीजवळ करणें धोक्याचें होतें. म्हणून १८९३ सालीं ती प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरांतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली.

प्रारंभीं उपाय होता तो रक्तजलाचा. रोगांतून वांचलेल्या जनावराच्या रक्तापासून काढलेलें हें द्रव्य टोंचलें कीं जनावराला संरक्षण मिळे. पण तें कांहीं दिवसांपुरतेंच. रक्तजलाबरोबर रोगट रक्तहि टोंचावें, तर संरक्षण टिकाऊ होई. पण त्या रक्तांतून दुसरे रोग शिरण्याचें भय असे. पुढें मुक्तेश्वर येथें जे. टी. एडवर्ड्स ह्यांनीं रोगाचें विष शेळ्यांच्या अंगांतून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केलें. १९२० नंतरच्या दशकांतील या शोधामुळें एका टोंचणींत दीर्घ संरक्षण मिळूं लागलें.

या कथेंत शास्त्रज्ञांचीं नांवें येतात, तीं योग्यच आहेत. परंतु लस कुपींतून जनावराच्या अंगांत जाण्यास आणखी कित्येक हात लागत. प्रयोगशाळेंत सकाळसंध्याकाळ जनावरांचा ताप पाहणारा, गोठा धुणारा, शेळ्यांना चारा घालणारा सेवक. आणि बाहेर दवाखान्यांतील व्रणोपचारक, टोंचणी करणारा व दोर धरणारा परिचर, हे ते हात होत. गुरें रानांत जाण्यापूर्वीं गांव गांठावें लागे. लस बर्फांत जपावी लागे आणि एकदां कालविली म्हणजे थोड्याच तासांत संपवावी लागे. बुजलेला बैल खोड्यांत घालतांना शिंगाचा वा लाथेचा प्रसाद मिळे तो निराळाच.

त्याहून अवघड काम माणसाचें मन वळविण्याचें. शेळीच्या लसीनें कित्येक जनावरांना ताप येई, दूध आटे, नाजूक जातींचीं जनावरें दगावतहि. शेतकऱ्याची शंका केवळ अज्ञानांतून निघत नसे. त्याची सारी मिळकत त्या दाव्याला बांधलेली असे. तेथें अहवाल वाचून उपयोग नव्हता. जो परिचर टोंचणीनंतर चार दिवसांनीं पुन्हां गोठ्यांत येऊन विचारपूस करी, त्याच्याच हातीं शेतकरी पुढच्या खेपेस दावें देई.

१९५४ सालीं भारतांत बुळकांडीच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पुढें केनियांत वॉल्टर प्लाउराइट ह्यांनीं पेशींवर वाढविलेली, सर्व जातींना निर्धोक अशी लस सिद्ध केली. शेवटीं बर्फावांचून टिकणारी लस निघाली, आणि इथिओपियाच्या अफार प्रदेशांत व दक्षिण सुदानांत पशुपालकांतीलच माणसांना शिकवून त्यांच्या हातीं ती देण्यांत आली. जेथें सरकारी गाडी पोंचत नव्हती, तेथें हीं माणसें पायीं गेलीं.

हा रोग समूळ जाण्याजोगा होता, याचें कारण त्याच्या स्वभावांतच होतें. वांचलेलें जनावर जन्मभर सुरक्षित राही व रोग लपवून बाळगीत नसे. विषहि अंगाबाहेर फार काळ तगत नसे. भारतांतील शेवटचा रोगी १९९५ सालीं नोंदला गेला, आणि जगांतील शेवटचा २००१ सालीं केनियांत.

मग शेवटची व विलक्षण कसोटी आली: टोंचणी बंद करण्याची. टोंचलेल्या जनावराच्या आणि रोगांतून वांचलेल्या जनावराच्या रक्तांत भेद दिसत नसे. तेव्हां टोंचणी चालू असेपर्यंत रोग गेल्याचें सिद्ध होईना. ज्यांनीं वर्षानुवर्षें ‘टोंचून घ्या’ म्हणून उंबरठे झिजविले, त्यांनाच आतां सुई खालीं ठेवून, गांवोगांव नुसतें पाहत व विचारीत फिरावें लागलें. २०११ सालीं जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली. देवी या रोगानंतर मनुष्यानें पृथ्वीवरून नाहींसा केलेला हा दुसराच रोग होय. त्या घोषणेखालीं परिचरांच्या सह्या नव्हत्या. पण ज्या नोंदींवर ती उभी होती, त्या बहुतांशीं त्यांच्याच पायपिटीनें जमलेल्या होत्या.