धनोरा ते सारोद : सांडपाण्याची वाट आणि एका समितीचा पाठपुरावा

बडोद्याला प्यायचं पाणी कुठून आलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आजव्याहून. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ साली, सयाजी सरोवर पुरं झालं आणि पंपाशिवाय, नुसत्या उतारावर पाणी शहरात आलं. आपल्या मंडळात यावर निबंध वाचले गेले आहेत, तिथे सहलीही निघाल्या आहेत. पण पाणी वापरून झाल्यावर जातं कुठे, या प्रश्नावर मंडळात कधी निबंध वाचलेला मला आठवत नाही. शहराच्या इतिहासाची ही दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे, आणि तिची कागदपत्रं आजव्याच्या दप्तरापेक्षा जाड भरतील.

बडोद्याला रसायनांचं वेड मूळचंच. १८९० साली कलाभवन निघालं, तिथले प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, त्यांच्याबरोबर कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ मध्ये अलेंबिक काढली. पण खरा पालट साठच्या दशकातला. १९६२ ला गुजरात स्टेट फर्टिलायझर्स, १९६५ ला कोयलीची रिफायनरी, १९६९ ला आयपीसीएल, शिवाय नंदेसरीची वसाहत. छाणी, बाजवा, करचिया या खेड्यांचा नकाशाच बदलला. आपल्यातल्या निम्म्या घरांची चूल या कारखान्यांवर पेटली, हेही इथेच सांगून टाकतो. मी कारखानाविरोधी नाही, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्या भूमिकेतून वाचू नये.

एवढ्या कारखान्यांचं सांडपाणी मिनी नदीत आणि तिथून महीत जाऊ लागलं, तेव्हा त्यावर तोड काढली गेली ती इंजिनिअरी पद्धतीची. धनोऱ्यापासून पाद्रा आणि जंबुसर तालुक्यांतून थेट सारोदपर्यंत, जिथे मही खंभातच्या आखाताला मिळते तिथवर, सुमारे ५६ किलोमीटरचा सांडपाण्याचा कालवा. १९८३ साली तो सुरू झाला. गंमत अशी की हाही आजव्यासारखाच उतारावर वाहतो. एका शतकात बडोद्यानं दोन मोठे जलमार्ग बांधले, दोन्ही गुरुत्वाकर्षणावर, एक पाणी आणणारा आणि एक नेणारा. पहिल्याच्या उद्घाटनाची वर्णनं आपण वाचतो. दुसऱ्याचा उल्लेख फारसा कुणी करत नाही.

बांधकाम म्हणून कालवा वाईट नाही. अडचण वेगळी होती. कारखान्यानं आधी आपलं पाणी ठरलेल्या प्रमाणापर्यंत स्वच्छ करायचं, मगच ते कालव्यात सोडायचं, हे गृहीत धरून सगळी योजना होती. ते गृहीत जिथे मोडलं, तिथे कालवा म्हणजे न शुद्ध केलेलं पाणी लांब पोचवणारी नळी झाली. त्यात वाटेवरची गावं पाण्याला महाग. काही शेतकऱ्यांनी तेच पाणी उचलून शेताला दिलं. लूणा, दुधवाडा या पाद्रा तालुक्यातल्या गावांत बोअरला रंगीत पाणी येतं, ही तक्रार अनेक वर्षं चालू राहिली.

इथून पर्यावरण सुरक्षा समितीचा संबंध येतो. रोहित प्रजापती हे बडोद्याचे, आनंद माझगावकर हे आडनावावरून आपल्याला ओळखीचे वाटावेत असे, आणि त्यांचे सहकारी. लोकांच्या मनात अशा संस्थेचं चित्र म्हणजे मोर्चा आणि घोषणा. या समितीची जी कागदपत्रं पाहण्यात येतात ती पाहून मला तरी वेगळंच वाटलं : ही माणसं सरकारी कारकुनासारखी चिकाटीनं पत्रं लिहितात. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचेच तपासणी अहवाल मिळवायचे, मंडळाच्याच प्रयोगशाळेचे आकडे ओळीनं मांडायचे आणि मंडळालाच विचारायचं, की तुमचे आकडे हे म्हणतात, तर तुमच्याच कायद्याप्रमाणे तुम्ही काय केलंत? नवा कायदा हवा ही मागणी क्वचितच. १९७४ चा जल कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहेत तेच पाळा, एवढंच.

या पद्धतीला २००९ च्या डिसेंबरमध्ये मोठं हत्यार मिळालं. केंद्रीय मंडळानं आयआयटी दिल्लीच्या मदतीनं देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. ७० च्या वर गुण म्हणजे अतिगंभीर. यादीत पहिला नंबर अंकलेश्वरचा, ८८.५०. वापी ८८.०९. महाराष्ट्रातलं चंद्रपूर ८३.८८ आणि डोंबिवली ७८.४१, तेव्हा तिकडच्या पाहुण्यांनी हसू नये. बडोदं ६६.९१ वर, म्हणजे रेषेच्या जरा खाली. जानेवारी २०१० मध्ये अतिगंभीर क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना आणि विस्ताराला मनाई झाली. मग जे होतं ते झालं. राज्यांनी कृती आराखडे दिले, मनाई कुठे उठली, कुठे परत लागली, २०१४ च्या जूनमध्ये केंद्रानं ती आणखी सैल केली. समितीचं म्हणणं सरळ होतं : गुण खाली आल्याशिवाय मनाई उठवायची नाही. २०१८ च्या फेरमोजणीत बडोद्याचा आकडा ८९.०९ आला. २००९ च्या यादीत पहिल्या आलेल्या अंकलेश्वरपेक्षाही जास्त.

दरम्यान २०१२ मध्ये समिती सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २२ फेब्रुवारी २०१७ ला सरन्यायाधीश खेहर, न्या. चंद्रचूड आणि न्या. कौल यांच्या पीठानं निकाल दिला. हा निकाल इंजिनिअरनं आवर्जून वाचावा असा आहे. शुद्धीकरण यंत्रणा बांधणं ही किरकोळ गोष्ट, ती चालवणं महाग. ब्लोअरचं वीजबिल, रसायनं, गाळाची विल्हेवाट, रात्रपाळीचा माणूस. तपासणीला कुणी आलं की पंप सुरू, गेलं की बंद, हा धंदा कारखानदारी जवळून पाहिलेल्या कुणालाही नवा नाही. न्यायालयानं नेमका तिथेच बोट ठेवलं : यंत्रणा ‘आहे का’ हे नव्हे, ‘चालू आहे का’ हे बघा. मंडळांनी जाहीर नोटीस द्यावी, तीन महिने मुदत, त्यानंतर यंत्रणा चालू नसेल तर कारखान्याची वीज तोडा. सामाईक शुद्धीकरण केंद्रं आणि शहरांची मैलापाणी केंद्रं तीन वर्षांत उभी करा. पैसे नाहीत ही सबब नगरपालिकांना चालणार नाही, लागल्यास वापरणाऱ्यांवर आकार बसवा. आणि देखरेख हरित न्यायाधिकरणाकडे.

म्हणजे बडोद्यातल्या एका छोट्या समितीच्या अर्जावर देशातल्या प्रत्येक राज्याला हिशेब द्यावा लागला. न्यायाधिकरणानं पुढे २०१९ मध्ये दर नाल्यामागे आणि दर केंद्रामागे महिन्याला पाच लाखांपासून भरपाईचा दरच ठरवून टाकला. कित्येक महापालिकांच्या मैलापाणी योजना या तारखांच्या धाकानं पुढे सरकल्या, असं माझं मत आहे. मनापासून किती सरकल्या हा भाग वेगळा.

दुसरा खटला जास्त टोचणारा. कारखाना आधी उभारायचा आणि पर्यावरण मंजुरी मागून घ्यायची, याला केंद्राच्या १४ मे २००२ च्या परिपत्रकानं वाट करून दिली होती. प्रजापतींनी त्याला आव्हान दिलं. जानेवारी २०१६ मध्ये हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या पीठानं (गुजरातच्या नद्यांचे तंटे पुण्यात चालतात, हे फार जणांना माहीत नसतं) अलेंबिक, युनायटेड फॉस्फरस आणि युनिक केमिकल्स यांच्या मंजुऱ्या रद्द केल्या. १ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तत्त्व कायम ठेवलं : मागाहून मंजुरी कायद्यात बसत नाही. पण कारखाने बंद केले नाहीत, प्रत्येकी दहा कोटी रुपये भरायला लावले. समितीच्या बाजूच्या काहींना हा अर्धा विजय वाटला. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण चालू कारखाना बंद झाला की पहिली झळ कंत्राटी कामगाराला बसते.

विश्वामित्रीचा विषय खरं तर स्वतंत्र निबंधाचा. पावागढाच्या डोंगरातून येणारी, मगरींची ही नदी. रिव्हरफ्रंट करून तिला कठडे घालायचं ठरलं तेव्हा पुण्यातच दाद मागितली गेली, आणि २५ मे २०२१ च्या निकालानं पूररेषा आखणं, राडारोडा आणि अतिक्रमणं काढणं यांसाठी आराखडा राबवायला सांगितलं. काम रेंगाळलं. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि अर्धं शहर पाण्यात बसलं. त्यानंतर सरकारी समिती नेमली गेली, २०२५ च्या पावसाळ्याआधी घाईघाईनं पात्र उपसायला यंत्रं उतरली. मगरी हलवून पात्र खणणं हा त्या निकालाचा अर्थ होता का, यावर मतभेद आहेत.

राज्याचं धोरण म्हणाल, तर गुजरातनं २००९ सालीच हवामान बदलासाठी वेगळं खातं काढलं, देशात पहिलं. पण सांडपाण्याच्या बाबतीत राज्याचा कल १९८३ चाच राहिला आहे : नळी लांब करा. खोल समुद्रात सोडायच्या पाइपलाइनी आता पुढे आल्या आहेत. जेतपूरच्या रंगाई कारखान्यांचं पाणी पोरबंदरच्या समुद्रात नेण्याला तिथले मच्छीमार विरोध करत आहेत. पाद्र्याच्या शेतकऱ्याचं जे गाऱ्हाणं होतं, तेच आता त्यांच्या तोंडी आहे.

संस्थानी काळातलं पाण्याचं दप्तर आपल्या शहरातल्या अभिलेखागारात मिळतं. धनोरा-सारोद कालव्याची पत्रं मात्र काही घरांतल्या फायलींत, काही मंडळाच्या कार्यालयात आणि काही न्यायालयांच्या नोंदींत विखुरलेली आहेत. कुणाकडे ऐंशीच्या दशकातले कालव्याचे नकाशे, जमीन संपादनाच्या नोटिसा किंवा पाद्रा-जंबुसरकडची छायाचित्रं असतील, तर पुढच्या बैठकीला घेऊन यावीत. स्कॅनर मी आणतो.