गुणाढ्याची कथा आणि आपली घरे

‘चांदोबा’वर वाढलेल्या आपल्या पिढीला विक्रम-वेताळाची ओळख करून द्यावी लागत नाही. मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू-तमिळमधून सुरू झालेले हे मासिक १९५२ पासून मराठीत निघू लागले. त्यातील वेताळ सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त भेटतो आणि त्या ग्रंथाचा आधार गुणाढ्याची ‘बृहत्कथा’. गुणाढ्य पैठणच्या सातवाहनाच्या पदरी होता, असे परंपरा सांगते. पैशाची भाषेतील त्याचा ग्रंथ राजाने नाकारला. तेव्हा विंध्यारण्यात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत त्याने सहा लक्ष श्लोक अग्नीला अर्पण केले. ऐकता ऐकता पशू चरणे विसरले. ही वार्ता ऐकून राजा धावला व उरलेला एक लक्ष वाचला.

जुन्या मध्यप्रदेशात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा-सौंसर येथेच राहिले आणि मराठीचे ते स्थान गेले. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पण ते परत आले नाही. ‘चांदोबा’ही आता निघत नाही. तेव्हा माळ्यावरचे जुने अंक रद्दीत घालण्यापूर्वी नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवावेत. गुणाढ्याचा ग्रंथ उरला तो श्रोत्यांमुळेच.