घरातल्या हाय-फाय स्पीकरचा आवाज कसा सुधारायचा? स्पीकर, मटेरियल आणि खोली: संपूर्ण माहिती

नवीन स्पीकर घेतले, चांगला अॅम्प्लिफायर जोडला, तरी घरी आल्यावर शोरूममधली मजा येत नाही, ही तक्रार खूप जण करतात. मग पुढचा विचार असतो तो अजून महाग स्पीकरचा. पण बऱ्याच वेळा स्पीकर ठीक असतात आणि गडबड खोलीत असते. सॉफ्टवेअरमध्ये कोड स्लो चालत असेल तर आपण लगेच नवीन सर्व्हर घेत नाही. आधी वेळ कुठे जातोय ते मोजतो. आवाजाचंही तसंच आहे.

या लेखात उदाहरणासाठी नाशिकच्या द्वारका परिसरातली एक साधी खोली घेऊया. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे मिळतात तो हा भाग. वर उड्डाणपूल, खाली चौक, आणि दिवसभर ट्रक, एसटी, रिक्षा. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. आरसीसीचा स्लॅब, खाली टाइल्स, प्लास्टरच्या भिंती आणि रस्त्याच्या बाजूला अॅल्युमिनियमची सरकती खिडकी. तुमची खोली वेगळी असेल तर तुमची मापं टाकून हीच गणितं करा.

१. आधी बाहेरचा आवाज

संगीतातले हळू स्वर ऐकू यायचे असतील तर ते खोलीतल्या गोंगाटाच्या वर असायला हवेत. समजा खिडकीतून येणाऱ्या ट्रॅफिकमुळे खोलीत ५० डेसिबल आवाज आहे. तानपुऱ्याची मागे चाललेली आस त्यात बुडून जाते. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो.

इथे एक आकडा लक्षात ठेवा: १० डेसिबल वाढवायला अॅम्प्लिफायरची पॉवर १० पट लागते. जिथे १० वॅट पुरले असते तिथे १०० वॅट. म्हणजेच खिडकीतून येणारा आवाज १० डेसिबलने कमी केला, तर तेवढाच फायदा अॅम्प्लिफायर न बदलता मिळतो. शिवाय कानांवरचा ताणही कमी होतो. कामाच्या ठिकाणी कानांच्या सुरक्षिततेसाठी ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा सुचवली जाते आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. गोंगाटावर मात करण्यासाठी रोज मोठ्याने ऐकणं म्हणूनच परवडत नाही.

काय करायचं?

• खिडकीच्या फटी बंद करा. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का फट उघडी राहिली, तर काच कितीही जाड असो, ती खिडकी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही.
• सरकत्या खिडकीत ब्रशची पट्टी असते आणि तिच्यातून आवाज येतोच. बिजागरीवर उघडणारी आणि रबर गॅस्केटवर दाबून बसणारी खिडकी त्यापेक्षा बरीच चांगली.
• काच बदलणार असाल तर लॅमिनेटेड घ्या. दोन काचांमधला प्लास्टिकचा थर कंपनं दाबतो.
• दाराच्या खालची फट विसरू नका.

महत्त्वाचं: भिंतीवर फोम किंवा पॅनेल लावून बाहेरचा आवाज थांबत नाही. आवाज अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो, तर खोलीतला आवाज शोषायला सच्छिद्र, मऊ मटेरियल लागतं. ही दोन वेगळी कामं आहेत. ‘साउंडप्रूफ फोम’ अशा नावाने जे विकतात त्यात या दोन्हींची गल्लत केलेली असते.

२. खोली किती घुमते?

रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवा. जो झणझणीत आवाज मागे राहतो तो म्हणजे रिव्हर्ब. आवाज बंद झाल्यावर तो ६० डेसिबलने खाली यायला जो वेळ लागतो त्याला रिव्हर्ब टाइम म्हणतात.

याचं गणित वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नवीन व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला नीट समजेना, म्हणून काम त्याच्याकडे आलं. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या वाढवत गेला आणि ऑर्गनचा पाइप व स्टॉपवॉच घेऊन वेळ मोजत राहिला. त्यातून निघालेलं सूत्र असं:

रिव्हर्ब टाइम = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण

घनफळ घनमीटरमध्ये, शोषण चौरस मीटरमध्ये. छोट्या खोलीत हे सूत्र अगदी काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरतं. आपल्या खोलीचं घनफळ साधारण ३२.४ घनमीटर आहे. मधल्या स्वरांसाठी ढोबळ हिशोब बघा:

• नुसत्या भिंती, टाइल्स, स्लॅब: शोषण १.८. वेळ सुमारे २.९ सेकंद
• त्यात गादीचा दिवाण किंवा सोफा (३.०), चुण्या घातलेला जाड पडदा (१.६), सतरंजी (०.७) आणि २ माणसं (०.९): एकूण ८. वेळ ०.६५ सेकंद
• त्यात ४ × २ फुटांची ६ शोषक पॅनेल (४.०): एकूण १२. वेळ ०.४३ सेकंद

घरात गाणी ऐकायला ०.३ ते ०.५ सेकंद छान. म्हणजे अर्ध्याहून जास्त काम घरातल्या सामानानेच केलं. आपल्याकडच्या बैठकीत गादी, लोड, तक्के आणि दाटीने बसलेली माणसं असायची. मऊ, सच्छिद्र वस्तूंनी भरलेल्या त्या खोलीत गळ्यातली बारीक हरकतही स्पष्ट पोचणार, हे या सूत्रातून सहज कळतं.

पण शून्य घुमणं हे ध्येय नाही. सगळ्या भिंती झाकल्या तर आवाज मेल्यासारखा वाटतो. मुंबईच्या एनसीपीएमधलं टाटा थिएटर १९८० साली सुरू झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनीची रचना सिरिल हॅरिस यांची. गायन-वादन माइकशिवाय ऐकता यावं हा तिथला विचार. तिथे भिंती आणि छत आवाज फक्त खात नाहीत, तर श्रोत्यांपर्यंत वळवून पोचवतातही. उलट विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते, कारण घुमटाचा आतला गोलावा आवाज एकत्र करून परत पाठवतो. आवाज किती परत येतो याच्याइतकंच तो कुठे आणि कधी परत येतो हे महत्त्वाचं आहे.

३. खर्जाचा त्रास: खोलीचे स्वतःचे सूर

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठराविक कंपनसंख्या अडकून बसतात. सर्वात खालची काढायला आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला ३४४ मीटर, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचा. आपल्या खोलीत:

• लांबी ३.६६ मीटर: ४७ हर्ट्झ
• रुंदी ३.०५ मीटर: ५६ हर्ट्झ
• उंची २.९ मीटर: ५९ हर्ट्झ

५६ आणि ५९ जवळजवळ आले, त्यामुळे तिथे आवाज फुगणार. यांच्या पटींवर आणि एकत्र परिणामातून अजून वरचे सूर तयार होतात. उदाहरणार्थ लांबी आणि रुंदी मिळून ७३ हर्ट्झ. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. म्हणजे तानपुरा, तबल्याचा डग्गा, बेस गिटार हे सगळं याच भानगडीच्या पट्ट्यात येतं. एक ठोका दणकतो, दुसरा गायब, असं होतं ते यामुळेच.

चौरस खोलीत हा त्रास सर्वात जास्त, कारण दोन सूर एकाच जागी पडतात. दोन खोल्यांमधून निवड करता येत असेल तर लांबी-रुंदी वेगळी असलेली खोली घ्या.

४. फुकटचा उपाय: स्पीकर आणि खुर्चीची जागा

पैसे खर्च करण्याआधी एक रविवार यात घालवा.

• स्पीकर १० फुटांच्या भिंतीसमोर ठेवा, म्हणजे आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल.
• दोन स्पीकरमध्ये ६ फूट अंतर, बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी २ फूट, आणि स्पीकरची पुढची बाजू मागच्या भिंतीपासून अडीच फूट.
• ऐकणाऱ्याचं डोकं आपल्या पाठीमागच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. बरोबर मध्यावर बसू नका, कारण तिथे ४७ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही. भिंतीला टेकून बसलात तर तोच सूर फुगतो.
• आता दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून जवळपास समभुज त्रिकोण होतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा.

भिंतीपासूनची दोन अंतरं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. स्पीकरमागे जाऊन भिंतीवरून परत आलेला खर्ज मूळ आवाजाला एका ठिकाणी खोडतो. ते ठिकाण काढायला ३४४ ला अंतराच्या चौपटीने भागा. २ फुटांना १४१ हर्ट्झ, अडीच फुटांना ११३ हर्ट्झ. दोन्ही अंतरं सारखी असती तर दोन्ही खड्डे एकाच जागी पडून जास्त खोल झाले असते.

५. पॅनेल कुठे आणि कशाचे?

जागा शोधायला आरसा वापरा. तुम्ही खुर्चीत बसा आणि कुणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथे पॅनेल. दोन्ही बाजूंना, आणि जमलं तर छतालाही. उरलेली पॅनेल खोलीच्या कोपऱ्यांत तिरकी लावा. खर्जाचा दाब कोपऱ्यात सर्वात जास्त असतो आणि तिरक्या पॅनेलमागे भरपूर पोकळी मिळते.

मटेरियल म्हणून ५० मिलिमीटर जाड, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल किंवा ग्लासवूल चांगलं चालतं. लाकडी पट्ट्यांची चौकट करा, ते आत बसवा, वर कापड ताणा. कापडातून तोंडाने फुंकर आरपार गेली पाहिजे; रेक्झिन चालणार नाही. भिंतीपासून ५० मिलिमीटर अंतर सोडा. त्याने शोषण अजून खालच्या स्वरांपर्यंत जातं, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर मागे बुरशी लागण्याचा धोकाही कमी होतो. काम करताना हातमोजे, मास्क आणि चष्मा घालाच.

गादीवाल्याकडून पिंजलेल्या कापसाची ४ इंची गादी करून घेतली तर तीही चांगलं शोषक आहे. फक्त कापूस पेट घेतो, त्यामुळे ती वायरिंग आणि स्विचबोर्डपासून लांब ठेवा.

हे टाळा:

• अंड्यांचे ट्रे. पातळ पुठ्ठा खर्ज शोषूच शकत नाही.
• १ इंची फोमने अख्खी खोली मढवणं. फक्त वरचे स्वर जातात, खर्जाचा गोंधळ तसाच राहतो. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि विषारी धूर करतो. घरात हा धोका घेऊ नका. रॉकवूल जळत नाही.

६. स्पीकरमध्ये काय बघायचं?

आजचे बहुतेक स्पीकर ज्या तत्त्वावर चालतात तो फिरत्या कॉइलचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. शंभर वर्षांत तत्त्व तेच, मटेरियल बदललं.

कोन: कागद हलका असतो आणि स्वतः कमी झणझणतो, पण दमट हवेत त्याला जपावं लागतं. पॉलिप्रॉपिलीनला ओलाव्याची भीती नाही. अॅल्युमिनियम खूप ताठ, पण एका वरच्या सुरावर घंटेसारखं वाजतं, त्यामुळे आतलं क्रॉसओव्हर सर्किट नीट हवं. नुसत्या मटेरियलच्या नावावरून स्पीकर निवडू नका.

पेटी: कोन वाजला पाहिजे, पेटी नाही. पेटीवर बोटाने टकटक करा. ठस्स आवाज चांगला, पोकळ ढबढब वाईट. स्वतः बनवणार असाल तर एमडीएफ एकजिनसी आणि स्वस्त आहे, पण कडांतून पाणी पिऊन फुगतं, म्हणून कडा सील करा. चांगलं प्लायवूड हलकं आणि ताठ. जाडीचा फरक मोठा पडतो: ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे १८ मिलिमीटरचा बोर्ड १२ पेक्षा ३ पटींहून जास्त ताठ होतो. आत मधोमध एक आडवा तुकडा लावला तर अजून चांगलं.

सेन्सिटिव्हिटी: १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल, हा आकडा. ८८ डेसिबलच्या स्पीकरला ८५ च्या तुलनेत निम्मीच पॉवर पुरते.

वायर: ५ मीटर लांबीच्या दीड स्क्वेअर मिलिमीटर तांब्याच्या जोडवायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१२ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरला याने ०.१३ डेसिबल फरक पडतो, तो कानाला कळत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी तांब्याची वायर घ्या आणि वाचलेले पैसे खिडकीवर घाला.

७. मोजा, मग इक्वलायझर

रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मेजरमेंट माइक असेल तर खोलीचा आलेख दिसतो. इक्वलायझरने फुगवटे खाली आणता येतात. खड्डे मात्र भरत नाहीत: तिथे जितकी पॉवर वाढवाल तितकीच परत येणारी लाटही वाढते. खड्ड्यासाठी स्पीकर किंवा खुर्ची हलवणं हाच उपाय.

खालपासून वरपर्यंत एक स्वीप वाजवून घरातली खडखड पण शोधा. लोखंडी कपाट, माळ्यावरचे डबे, खिडकीची काच, यातलं काहीतरी हमखास वाजतं.

खर्चाचा क्रम

१. स्पीकर आणि खुर्चीची जागा: शून्य रुपये
२. दार-खिडकीच्या फटी
३. पडदा, गादी, सतरंजी
४. आरशाने शोधलेल्या जागी पॅनेल, मग कोपरे
५. मोजमाप आणि इक्वलायझर
६. इतकं करून कमी वाटलं तर नवीन स्पीकर

आणि शेजाऱ्यांचाही विचार करा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात सहज उतरतो आणि भिंतीवरची पॅनेल त्याला अडवत नाहीत. म्हणून स्पीकर स्टँडखाली जाड रबराचे तुकडे ठेवा आणि रात्री सबवूफर बंद करा. शांत केलेल्या खोलीत कमी व्हॉल्यूमलाही सगळं ऐकू येतं, त्यामुळे हे फारसं जड जाणार नाही.