तार्तूसचा धक्का

१९९० च्या हिवाळ्यात मी थर्ड इंजिनियर होतो. फॉस्फेट भरायला आमचं जहाज सीरियाच्या तार्तूस बंदरात लागलं होतं. केसांत, चहात, अंथरुणात, सगळीकडे ती भुकटी. बंदराच्या एका कडेला तरंगत्या धक्क्यांशी सोव्हिएत आरमाराची जहाजं बांधलेली. तिकडे फिरकू नका, फोटो काढू नका, अशी आम्हाला ताकीद होती.

मी भारतीय म्हटल्यावर मालाची नोंद करणारा कारकून खुलला. "तुमचा राकेश, आमचा फारिस!" राकेश शर्मा १९८४ मध्ये सोव्हिएत यानातून गेला, तसाच अलेप्पोचा वैमानिक महंमद फारिस १९८७ च्या जुलैत मीर स्थानकावर जाऊन आला होता. क्यूबा, व्हिएतनाम, मंगोलिया, अफगाणिस्तान, असे मित्रदेशांचे लोक मॉस्कोने अंतराळात नेले. शाळेत पुस्तकांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं घालणाऱ्या मला त्या मैत्रीचं मोठं अप्रूप. मग बोलता बोलता मी हमा शहराचं नाव काढलं. कारकुनाने भिंतीवरच्या राष्ट्राध्यक्ष हाफिज असदच्या तसबिरीकडे पाहिलं आणि कागदांत डोकं घातलं.

हमामध्ये १९८२ च्या फेब्रुवारीत असदच्या फौजेने बंड मोडताना हजारो माणसं मारली. मॉस्कोशी २० वर्षांचा मैत्रीकरार होऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. करार तसाच राहिला.

त्यामागचं कारण दर्यावर्दी माणसाला चटकन कळतं. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात यायचं तर तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्या ओलांडाव्या लागतात, आणि १९३६ च्या माँत्र कराराने युद्धनौकांना त्यासाठी तुर्कांना आगाऊ कळवावं लागतं. गोडं पाणी संपलं, पंप बिघडला, म्हणून दर वेळी घरी कोण परतणार? सोव्हिएत आरमाराने १९६७ मध्ये भूमध्य समुद्रासाठी वेगळा ताफा उभारला, तेव्हा त्याला वाटेत एक हक्काचा धक्का हवाच होता. धक्का ज्याच्या हाती, त्याच्याशी मैत्री. त्याच्या तुरुंगांत काय चालतं, हे विचारायचं नाही.

इजिप्तमध्ये हे आधी अंगलट आलं होतं. नासर गेला, सादात आला. त्याने १९७२ मध्ये हजारो सोव्हिएत सल्लागारांना घरी धाडलं आणि १९७६ मध्ये मॉस्कोशी असलेला मैत्रीकरारच रद्द केला. अलेक्झांड्रिया हातची गेली. १९७१ पासून मिळालेल्या तार्तूसचं मोल त्यामुळे वाढलं. यातून मॉस्कोने शिकायला हवं होतं की एका माणसाच्या गादीला बांधलेलं जहाज गादीबरोबरच सुटतं. ते शिकले नाहीत.

१९९२ च्या अखेरीस तो ताफा मोडला. खुद्द सोव्हिएत संघ त्याच्या वर्षभर आधीच मोडला होता. तार्तूस मात्र सोडलं नाही. २००५ मध्ये रशियाने सीरियाच्या सुमारे १३.४ अब्ज डॉलरच्या कर्जातले जवळजवळ तीन चतुर्थांश माफ केले. सप्टेंबर २०१५ मध्ये हाफिजच्या मुलाला, बशर असदला, वाचवायला रशियन लढाऊ विमानं लाताकियाजवळच्या तळावरून उडू लागली, आणि जानेवारी २०१७ मध्ये तार्तूस ४९ वर्षांसाठी रशियाच्या नावावर झालं: एका वेळी ११ जहाजं, त्यांत अणुशक्तीवर चालणारीसुद्धा. गेलेलं महासत्तापण परत आल्याचा तो दाखला मानला गेला. ज्याच्या राज्याने हे सगळं दिलं, ते राज्य आठ वर्षंही टिकलं नाही.

फारिसच्या छातीवर 'सोव्हिएत संघाचा वीर' हे पदक होतं. २०११ चा उठाव झाला तेव्हा तो निदर्शकांच्या बाजूने उभा राहिला, आणि २०१२ मध्ये सरहद्द ओलांडून तुर्कस्तानात निर्वासित झाला. ज्या देशाने त्याला अंतराळ दाखवलं, त्याच्याच विमानांनी पुढे त्याच्या अलेप्पोवर बॉम्ब टाकले. एप्रिल २०२४ मध्ये तो गाझियांतेपमध्ये वारला. बशर असद पळून मॉस्कोला गेला तो ८ डिसेंबरला. फारिसला ते पाहायला आठ महिने कमी पडले.