मुक्तिफौज, मुंबईचा रस्ता आणि अनोळखी माणसासाठी प्रार्थना

१/ १८८२ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गात, मिरवत निघालेल्या काही ख्रिस्ती प्रचारकांना पोलिसांनी पकडले. प्रचारक ख्रिस्ती, आणि त्यांना पकडणारे राज्य इंग्लंडच्या चर्चची प्रमुख असलेल्या राणीचे. मग गुन्हा कोणता? अनोळखी माणसासाठी भर रस्त्यात प्रार्थना करण्याच्या हक्काची ही कथा आहे.

२/ तिचा प्रारंभ लंडनमध्ये होतो. १८६५ च्या उन्हाळ्यात विल्यम बूथ हा मेथडिस्ट परंपरेतला उपदेशक व्हाइटचॅपल भागातील एका जुन्या दफनभूमीवर, तंबूत प्रवचने देऊ लागला. भोवती मजुरांची दाट वस्ती आणि पावलोपावली गुत्ते. पत्नी कॅथरीन स्वतः प्रभावी वक्ती होती. स्त्रियांच्या उपदेशाच्या हक्काचे समर्थन करणारी पुस्तिका तिने १८५९ मध्येच लिहिली होती.

३/ या वस्तीतली माणसे चर्चमध्ये का जात नव्हती? १८५१ च्या धार्मिक गणनेने दाखवून दिले होते की, जाऊ शकणाऱ्यांपैकी लक्षावधी लोक रविवारच्या उपासनेला फिरकत नाहीत. अनेक चर्चमध्ये चांगली बाके भाड्याने दिलेली असत. फाटक्या कपड्यांतल्या मजुराला मागे, कडेला बसावे लागे. देवाच्या घरातही त्याची पायरी ठरलेली होती.

४/ बूथने यावर साधा तोडगा काढला : माणूस चर्चपर्यंत येत नसेल, तर चर्चने त्याच्यापर्यंत जावे. १८७८ मध्ये त्याच्या संस्थेने ‘साल्व्हेशन आर्मी’ हे नाव घेतले. गणवेश आला, कॅप्टन-मेजर ही पदे आली, ध्वज आला, बँड आला. बूथ स्वतः ‘जनरल’ झाला. मराठीत या संस्थेला ‘मुक्तिफौज’ हे नेमके नाव मिळाले.

५/ तिची पद्धत पाहा. मिरवणूक चौकात थांबे आणि सैनिक कडे करून उभे राहत. लोकप्रिय गाण्यांच्या चालींवर धर्मगीते होत. मग कालपर्यंत गुत्त्यात पडून असणारा एखादा माणूस आपली कहाणी सांगे. शेवटी ढोल जमिनीवर ठेवला जाई. ज्याला वाटेल त्याने पुढे येऊन त्या ढोलाशी गुडघे टेकावेत. एखादा सैनिक त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसून त्याच्यासाठी प्रार्थना करी.

६/ ढोलाची वेदी झाली आणि रस्त्याचे मंदिर झाले. ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसासाठी दुसरा माणूस धुळीत गुडघे टेकतो, हे दृश्य कित्येकांना हलवून गेले. पण नाण्याला दुसरी बाजूही होती. न मागितलेली प्रार्थना ही काहींना भेट वाटते, तर काहींना आगंतुकपणा. शिवाय या प्रार्थनेच्या मागे धर्मांतराचा हेतू उघड होता. संघर्ष अटळ होता.

७/ मुक्तिफौज दारूविरुद्ध बोले, त्यामुळे दारूच्या धंद्यातले अनेक जण तिच्यावर उखडले. दक्षिण इंग्लंडच्या गावांतून ‘स्केलेटन आर्मी’ नावाच्या टोळ्या उभ्या राहिल्या. कवटीची निशाणे, विडंबनगीते, चिखल, दगड असा त्यांचा सरंजाम. मुक्तिफौजेच्याच नोंदीनुसार १८८२ या एका वर्षात तिच्या ६६९ माणसांवर हल्ले झाले. त्यांत २५१ स्त्रिया होत्या.

८/ वेस्टन-सुपर-मेअर या किनारी गावात १८८२ च्या मार्चमध्ये अशीच दंगल झाली. दंडाधिकाऱ्यांनी उपाय योजला तो मिरवणुकीवर बंदी घालण्याचा. कॅप्टन विल्यम बीटी तरीही मिरवणूक घेऊन निघाला आणि बेकायदा जमावाच्या आरोपाखाली पकडला गेला. दगड मारणारे बाजूला राहिले आणि दगड खाणारा आरोपी ठरला.

९/ प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले. ‘बीटी विरुद्ध गिलबँक्स’ या खटल्यात जून १८८२ मध्ये निर्णय लागला : कायदेशीर कृती करणारा माणूस, इतर लोक त्यामुळे बेकायदा वागतील हे ठाऊक असले तरी, तेवढ्यावरून गुन्हेगार ठरत नाही. इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात हा निर्णय आजही अभ्यासला जातो.

१०/ आता मुंबईकडे वळू. फ्रेडरिक टकर, जन्म १८५३, मुंगेर (बिहार), हा भारतीय सनदी सेवेतला अधिकारी. मुक्तिफौजेचे ‘वॉर क्राय’ हे पत्र वाचून तो भारावला, लंडनला गेला आणि १८८१ मध्ये सरकारी नोकरी सोडून फौजेत दाखल झाला. १९ सप्टेंबर १८८२ रोजी तो मुंबई बंदरात उतरला. एवढा गाजावाजा झालेल्या ‘फौजे’त माणसे किती? अवघी चार, त्यांतली एक स्त्री.

११/ चार माणसांना सरकार का बिचकले? एक कारण ताज्या आठवणीचे. फेब्रुवारी १८७४ मध्ये प्रेषितांविषयीच्या एका पुस्तकावरून मुंबईत पारशी-मुस्लिम दंगल पेटली होती. दुसरे कारण धोरणाचे. १८५७ नंतर राणीच्या जाहीरनाम्याने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले होते. वाजत-गाजत निघालेले गोरे प्रचारक हे वचन संशयास्पद करत होते.

१२/ तिसरे कारण मात्र कागदावर क्वचितच स्पष्ट येते : गोऱ्यांचा रुबाब. टकरने भगवी वस्त्रे आणि फेटा स्वीकारला, ‘फकीर सिंग’ हे नाव घेतले. तो व त्याचे सहकारी अनवाणी फिरू लागले, भिक्षा मागू लागले. राज्यकर्त्यांच्या जमातीतला माणूस ‘नेटिव्हां’च्या शेजारी धुळीत गुडघे टेकतो, हे अनेक युरोपियनांना लाजिरवाणे वाटले.

१३/ अटका झाल्या, खटले चालले. १८८३ च्या प्रारंभी टकरला एक महिन्याची कैदही भोगावी लागली. म्हणजे जून १८८२ मध्ये इंग्लंडात जो हक्क मान्य झाला, तो काही महिन्यांतच मुंबईत अमान्य ठरला. कायद्याची भाषा एकच होती. फरक इतकाच की, तिथे नागरिक होते आणि इथे प्रजा होती.

१४/ या वेळी बाजू घेतली कोणी? ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी कलकत्त्यात निषेधाचा आवाज उठवला. ते ख्रिस्ती झाले नव्हते. पण १८६८ मध्ये त्यांनी स्वतः कलकत्त्याच्या रस्त्यांवर नगरसंकीर्तन काढले होते. आज मुक्तिफौजेची मिरवणूक अडली, तर उद्या कीर्तनाची, दिंडीची, ताबूताची अडेल, हा धोका कोणाही भारतीयाला कळण्यासारखा होता.

१५/ इतिहासाचे पुढचे वळण अधिक बोचरे आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हीच मुक्तिफौज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहती चालवू लागली. १९१३ मध्ये टकरला कैसर-इ-हिंद पदक मिळाले. ज्या राज्याने त्याला तुरुंगात टाकले, त्याच राज्याच्या तुरुंगासारख्या वसाहतींचा तो चालक बनला. रस्त्यावर माणसाच्या बरोबरीने गुडघे टेकणारी संस्था आता त्याच्यावर पहारा ठेवत होती.

१६/ तरीही १८८२ चा प्रश्न जुना झालेला नाही. १९८९ मध्ये ‘एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम’ या चित्रपटविषयक खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येत नाही. तिचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. वेस्टनच्या त्या मिरवणुकीचा प्रतिध्वनीच म्हणा ना.

१७/ मित्रहो, पुढच्या वेळी नगर शहरात ‘बूथ हॉस्पिटल’ची पाटी दिसली, तर तिच्यामागचा ढोल आठवा. रस्त्यात कोणी आपल्यासाठी प्रार्थना करू पाहिली, तर ‘नको’ म्हणण्याचा आपला हक्क पुरा आहे. विचारण्याचा त्याचा हक्कही तितकाच पुरा. राज्याची कसोटी लागते ती हे दोन्ही हक्क एकाच रस्त्यावर सांभाळताना. लेखनसीमा.