शीडगाडीला माप कुठून आलं

फ्रान्स-बेल्जियमच्या किनाऱ्यांवर वाऱ्यावर पळणाऱ्या शीडगाड्यांची शर्यत असली की आधी गाड्यांची तपासणी होते. 'मिनी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांच्या गटात या तपासणीचं मुख्य हत्यार म्हणजे एक दोरी. तिची दोन टोकं जोडून 5.60 मीटर घेराचं कडं केलेलं असतं. ते कडं गाडीच्या तिन्ही चाकांना बाहेरून वळसा घालून बसलं, तर गाडी गटात बसली. नाही बसलं, तर परत जाऊन आस कापून या.

नियम ऐकायला पोरखेळ वाटतो, पण गाडी बांधणाऱ्याला तो कसा पेचात टाकतो ते बघण्यासारखं आहे. पुढे एक चाक, मागे दोन, म्हणजे गाडीचा त्रिकोण झाला. त्याची परिमिती ठरलेली. मागची दोन चाकं 1.60 मीटर अंतरावर ठेवली, तर पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन बाजूंना दोन-दोन मीटर उरतात. मागचा आस 20 सेंटिमीटरने रुंद केला की गाडीची लांबी सुमारे 16 सेंटिमीटरने घटते. रुंद गाडी वाऱ्याच्या झोताने एका अंगावर उचलली जात नाही. लांब गाडी वेगात सरळ धावते, गर्रकन फिरत नाही. दोन्ही गुण एकाच गाडीत भरपूर मिळायचे नाहीत. कुठला किती घ्यायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि निवड बरोबर होती की नाही हे पुळणीवर कळायचं. एवढी कल्पकता एका दोरीत मावते, म्हणून मला हा नियम या खेळातला सर्वांत देखणा नियम वाटतो.

शीडगाडीचा इतिहास बहुधा ती बांधणाऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण आजची गाडी घडवली ती मोजणाऱ्यांनी, असं मला वाटतं. म्हणून हा मागोवा मापाचा.

सुरुवातीला माप नव्हतंच, कारण शर्यतच नव्हती. 1600 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये राजपुत्र मॉरिसच्या पदरी असलेल्या सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने चार चाकांची, दोन डोलकाठ्यांची मोठी शीडगाडी बांधली. शेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यापासून उत्तरेला पेट्टेनपर्यंत ती दोन तासांत गेली, असं समकालीन लोकांनी नोंदवून ठेवलं आहे. घोड्यालाही धाप लागावी असं ते अंतर. गाडीत पंचवीस-तीस माणसं होती. त्यांत तरुण ह्यूगो ग्रोशियस होता, जो पुढे समुद्राच्या कायद्यावर लिहून जगभर गाजला. या सफरीवर त्याने लॅटिन कविता रचल्या. निऊपोर्टच्या लढाईत पकडलेला स्पॅनिश सेनानी मेंदोसाही गाडीत होता. राजपुत्राने पाहुण्यांना आणि कैद्याला एकाच गाडीत बसवून आपलं वैभव दाखवलं. जिच्याशी टक्कर घ्यायला तोडीची दुसरी गाडीच नाही, तिला कसला नियम?

पुढचा थांबा ब्रिस्टल. तिथले शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांना पतंगांचा नाद होता. शिडाऐवजी मोठे पतंग जोडून ओढायची गाडी त्यांनी बनवली आणि 1826 मध्ये तिचं पेटंट घेतलं. या गाडीशी नियमाची पहिली गाठ पडली ती टोलनाक्यावर. त्या काळी इंग्लंडच्या रस्त्यांवर टोल घोड्यांच्या हिशोबाने घेत. पोकॉक यांच्या गाडीला घोडाच नव्हता, त्यामुळे ती फुकट सुटे. वाऱ्यावर चालणारं वाहन कुठल्या खात्यात घालायचं, हा प्रश्न पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा आला. टोलवाल्यापुढे तो पहिल्यांदा उभा राहिला असावा. हेच पोकॉक आपल्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगाने आकाशात चढवत. ती मार्था पुढे क्रिकेटमहर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली.

अमेरिकेच्या गवताळ माळांवर 1860 च्या आसपास सोन्याच्या शोधात निघालेल्या काही जणांनी मालवाहू गाडीला शिडं लावून पाहिली. कॅन्सासचा सॅम्युअल पेपर्ड साथीदारांसह अशा गाडीतून डेन्व्हरच्या दिशेने शेकडो मैल गेला. शेवटच्या टप्प्यात वावटळीने गाडी उचलून आपटली. वाहतुकीचं साधन म्हणून शीडगाडीची शाखा इथेच संपते. रेल्वे आली, विषय मिटला.

आणि बरं झालं. कारण गाडी बिनकामाची ठरल्यावरच ती खेळाची झाली. 1898 मध्ये बेल्जियमच्या किनारपट्टीच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला, द पान या गावी, ड्युमाँ बंधूंनी पुळणीवर शीडगाडी चालवली. हा किनारा रुंद, उताराला सौम्य, आणि ओहोटीला घट्ट वाळूचा मोठा पट्टा उघडा टाकणारा. मेंदोसा जिथे पकडला गेला ते निऊपोर्ट इथून फार लांब नाही. 1909 मध्ये या भागात शर्यती झाल्या. त्याच वर्षी विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओ यांनी पुढे फ्रान्सच्या हार्दलो किनाऱ्यावर 'एरोप्लाज' नावाच्या शीडगाड्या आणल्या आणि 1911 मध्ये ते नाव नोंदवूनही घेतलं. कारखान्यात एकसारख्या गाड्या निघू लागल्या की शर्यतीला अर्थ येतो, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली.

दोन महायुद्धांनी हे सगळं झोपवलं. हेच किनारे आधी आघाडीच्या पिछाडीला होते, नंतर सुरुंगांनी आणि काटेरी तारांनी भरले. पुन्हा गाड्या निघाल्या तेव्हा जो तो आपापल्या परसात जोडलेली गाडी घेऊन आला. कुणाची होडीएवढी, कुणाची खाटेएवढी. क्लबच्या शर्यतीत मोठं शीड जिंकायचं. ज्याच्याकडे पैसा, त्याचं शीड मोठं. अशा शर्यतीत पुढच्या वर्षी कोण उतरणार?

1962 मध्ये शीडगाड्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. वेगवेगळ्या देशांच्या गाड्या एका ओळीत उभ्या करायच्या तर शिडाचं क्षेत्रफळ मोजायचं, हा त्यांच्या नियमांचा पाया. त्यावरून वर्ग पडले: दुसऱ्या वर्गाला 11.30 चौरस मीटर, तिसऱ्याला 7.35, पाचव्याला 5.50. युरोपातल्या किनाऱ्यांवर वेगाच्या दृष्टीने आज सर्वांत मान असलेली गाडी तिसऱ्या वर्गातली: लांबट, मासोळीसारखा बंदिस्त सांगाडा, आत जवळजवळ निजलेला चालक. या आकड्यांमधलं दशांशचिन्ह बघून मला स्टेव्हिनची आठवण होते. दशांश अपूर्णांक युरोपच्या व्यवहारात रुळवणारी छोटी पुस्तिका याच माणसाने 1585 मध्ये छापली होती. गाडीही त्याची, आणि ती मोजायची रीतही त्याची.

7.35 या आकड्यात एक मेख आहे. त्यात डोलकाठीचंही क्षेत्रफळ धरलेलं असतं. का, तर डोलकाठी चपटी, रुंद, विमानाच्या पंखासारखी केली की ती स्वतःच शिडाचं काम करते. नुसतं कापड मोजलं असतं, तर लोकांनी काठीच फुगवत नेली असती. चांगला नियम असाच असतो: पळवाट कुठून निघेल हे ओळखून तिथेच खुंटी ठोकणारा. आणि शिडाला माप घातल्यामुळे हुशारी दुसरीकडे वळली. आसाची लवचीकता, चाकांचं घर्षण, चालकाचं शरीर वाऱ्यापासून लपवणं, यांत गाडी वर्षानुवर्षं सुधारत गेली. वाऱ्याच्या तिप्पट वेगाने जाणाऱ्या गाड्या त्यातूनच झाल्या. ते शक्य होतं याचं कारण असं की गाडी पळू लागली की समोरून येणारा वारा मूळ वाऱ्यात मिसळतो आणि शिडाला भेटणारा वारा वाढत जातो. होडीला पाणी मागे खेचतं. घट्ट वाळूवर चाक जवळजवळ अडत नाही.

शर्यतीची वेळ भरती-ओहोटी ठरवते. पाणी ओसरलं, वाळू निथळली, की दोन खुणा रोवून मार्ग आखायचा. उधाणाच्या दिवसांत पट्टा रुंद मिळतो, भांगाच्या दिवसांत अरुंद. गाड्या एका रांगेत उभ्या. कुणी कुठे उभं राहायचं ते चिठ्ठ्या टाकून. चालक गाडीशेजारी, एक हात सांगाड्यावर, डोक्यावर हेल्मेट. निशाण पडलं की प्रत्येकाने आपली गाडी पळत ढकलायची आणि तिने वारा धरला की उडी मारून आत झोपायचं. त्या दहा-वीस पावलांत चुकलेला माणूस पहिल्या खुणेपर्यंत दुसऱ्यांच्या चाकांनी उडवलेलं चिखलपाणी खातो. मोठ्या ओहोटीनंतर वाळूत उथळ डबकी राहतात, आणि ताशी 80-90 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीसमोर डबकं आलं तर ते फोडायचं की चुकवायचं, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो.

वाट कुणी कुणाला द्यायची, याचे नियम मला सगळ्यांत बोलके वाटतात. युरोपीय किनाऱ्यांवर गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. समोरासमोर आल्या तर दोघांनी उजवीकडे सरायचं. हा सरळ फ्रेंच रस्त्यावरचा नियम. म्हणजे युरोपने शीडगाडीला रस्त्यावरचं वाहन मानलं.

अमेरिकेने तिला होडी मानलं. तिथे उजव्या अंगाने वारा घेणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा शिडाच्या नौकांचा नियम चालतो. आणि तो आला गोठलेल्या तळ्यांवरून. मिशिगनच्या 'डेट्रॉइट न्यूज' या वर्तमानपत्राची एक छंदशाळा होती, सुतारकाम शिकायची. 1936-37 च्या हिवाळ्यात तिथे बर्फावरच्या छोट्या शीडनौकेचा आराखडा तयार झाला: 12 फूट लांब, 60 चौरस फूट शीड, कुणीही घरच्या हत्यारांनी बांधावी अशी. वर्तमानपत्राच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'डीएन' म्हणतात, आणि ती आजही जगभर शर्यतीत धावते. एका पेपरच्या कार्यशाळेतला आराखडा इतकी वर्षं टिकला, कारण तो सर्वांत वेगवान नव्हता, सर्वांना परवडणारा होता. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडातल्या कोरड्या सरोवरांच्या तळांवर लोक शीडगाड्या पळवू लागले तेव्हा बर्फावरच्या खेळाचे नियम आणि सवयी तिथे आल्या. 1972 मध्ये उत्तर अमेरिकेची वेगळी संघटना झाली.

अशाच कोरड्या तळांवर मापाला न जुमानणारी शाखाही वाढली. 26 मार्च 2009 रोजी नेव्हाडा-कॅलिफोर्निया सीमेवरच्या इव्हनपा सरोवराच्या तळावर रिचर्ड जेंकिन्स यांच्या 'ग्रीनबर्ड'ने ताशी 202.9 किलोमीटरचा वेग गाठला. डिसेंबर 2022 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर सरोवरावर ग्लेन ॲश्बी यांनी न्यूझीलंडच्या अमेरिका कप नौकाशर्यतीच्या संघाने बांधलेली 'होरोनुकू' 222.4 किलोमीटरने पळवली. दोन्ही कामं विलक्षण आहेत. पण या गाड्या कुणाबरोबर शर्यत लावणार? त्या पुन्हा राजपुत्राच्या गाडीसारख्या एकट्या झाल्या. पाठीशी मोठा संघ आणि पैसा असल्याशिवाय त्या उभ्याच राहत नाहीत.

क्लबचा माणूस मात्र उलट दिशेने गेला, लहान गाडीकडे. पाचव्या वर्गात नळ्यांच्या सांगाड्याखाली झोळीसारखी बैठक आली. मग मिनी आली, दोरीसकट. आणि 1999 मध्ये न्यूझीलंडच्या पापामोआ गावी पॉल बेकेट यांनी 'ब्लोकार्ट' बनवली. वजन सुमारे 30 किलो, घडी घालून पिशवीत मावणारी, मोटारीच्या डिकीत जाणारी. मूळ गाडी सगळ्यांची एकच असल्यामुळे इथे दोरी लावायची गरज उरली नाही. शिडं मात्र चार आकारांची: 2, 3, 4 आणि 5.5 चौरस मीटर. वारा बघून शर्यतीआधी कुठलं लावायचं ते चालकाने ठरवायचं. मोठं शीड घेतलं आणि वारा वाढला की गाडी उलटायला बघते. लहान घेतलं आणि वारा पडला की बाकीचे डोळ्यांदेखत निघून जातात.

गाडी सारखी केल्यावर नवा प्रश्न पुढे आला: माणसं सारखी नाहीत. हलक्या वाऱ्यात हडकुळा पोरगा सुसाट सुटतो. वारा तुफान झाला की त्याचीच गाडी दोन चाकांवर उठते आणि शंभर किलोचा गडी जमिनीला धरून पुढे जातो. म्हणून ब्लोकार्टच्या शर्यतीत वजनकाट्यावर चढतो तो चालक, आणि वजनावरून गट पडतात. ज्यांना कार्बनची डोलकाठी आणि वारा कापणारं कवच लावायचं आहे, त्यांच्यासाठी वेगळा विभाग. कारखान्यातून आली तशीच गाडी चालवणाऱ्यांसाठी वेगळा. मला दुसरा विभाग जास्त आवडतो. तिथे हरलं की गाडीला दोष देता येत नाही.

या गाडीला पायांनी चालवायचं काहीच नाही. एका हाताने सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी, बस्स. त्यामुळे कंबरेखाली हालचाल नसलेले लोकही ती चालवतात. त्यांना गाडीत बसवून द्यायला कुणी तरी लागतं. एकदा दोरी ओढली की पुढे त्यांना इतरांचेच नियम आणि इतरांचंच अंतर.