घरगुती चित्रफिती : अस्सल आणि नक्कल

(१) जुनीं दप्तरें तपासणाऱ्यांच्या हातीं आतां कागदांबरोबर एक नवें साधन येऊं लागलें आहे. रुमालांत बांधलेलीं पत्रें, जमाखर्चाच्या वह्या व वंशावळी यांच्या शेजारीं, त्याच कपाटांत, काळ्या डब्यांतल्या चित्रफिती आढळतात. मुंज, लग्न, साठीशांत, गांवची जत्रा, वाड्याचा चौक हें सर्व त्यांत उमटलेलें असतें. वाडा पडला, माणसें गेलीं. त्यांच्या बोलीचा हेल मात्र फितीवर आहे. अशा फितीस इतिहाससाधन म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. तिची नवी नक्कल कशी घ्यावी, व नक्कल झाल्यावर अस्सलाचें काय करावें, एवढ्याच प्रश्नांचा येथें विचार करावयाचा आहे.

(२) घरगुती चलच्चित्रांचा आरंभ छायाचित्रणाच्या फितीनें झाला. १९२२ सालीं फ्रान्समधील पाथे कंपनीनें साडेनऊ मिलिमीटरची, १९२३ सालीं अमेरिकेंतील कोडक कंपनीनें सोळा मिलिमीटरची व १९३२ सालीं त्याच कंपनीनें आठ मिलिमीटरची फीत काढली. ही फीत उजेडासमोर धरली असतां निदान चित्र ओळखूं येतें. पुढें जपानांतून चुंबकीय फीत आली : १९७५ सालीं सोनीची बेटामॅक्स व १९७६ सालीं जेव्हीसीची व्हीएचएस. १९८२ सालीं, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळीं, भारतांत रंगीत दूरदर्शन आलें. त्या दशकांत व्हीएचएस आपल्या घरांत शिरली आणि लग्नाच्या मांडवांत वाजंत्र्यांच्या जोडीला व्हिडिओवाला उभा राहूं लागला.

(३) चुंबकीय फीत डोळ्यांस मुळींच वाचतां येत नाहीं. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद असून ती सेकंदास सुमारे २३·४ मिलिमीटर या मंद गतीनें सरकते. आपल्याकडील पाल पद्धतींत तिच्यासमोर मिनिटास १५०० फेरे घेणारें पंचपात्र असतें. त्यावरील चुंबकशीर्षें फितीवर तिरप्या रेघा ओढतात व प्रत्येक रेघेंत अर्धें चित्र बसतें. या रेघा वाचणारें यंत्र नसेल तर हातीं नुसती तपकिरी पट्टी उरते. मोडी वाचणारे विरळ झाले, तरी नवा वाचक शिकवून तयार करतां येतो. यंत्र मात्र कारखान्याशिवाय होत नाहीं. बेटामॅक्सच्या फितींचें उत्पादन सोनीनें मार्च १९१६ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे मार्च २०१६ त, थांबविलें. व्हीएचएस यंत्रें काढणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई तिनेंही त्याच वर्षीं जुलैंत तें काम बंद केलें. २०१९ सालीं युनेस्कोनेंही चुंबकीय फितींविषयीं जगास इशारा दिला. तात्पर्य, अवधि थोडा आहे.

(४) आतां नक्कल घेण्याविषयीं. बाजारांत बहुधा असा प्रकार चालतो कीं, हललेलें चित्र कापावें, पाहुण्यांच्या गप्पांवर सनईचें संगीत चढवावें आणि उरलेलें आवळून एका तबकडींत बसवावें. पत्रांतील मायना व तारीख गाळून मजकूर तेवढा उतरणाऱ्या लेखकासारखेंच हें होय. गप्पांत नातीं असतात, कोपऱ्यांतल्या आंकड्यांत तारीख असते. फितीवर दुसऱ्यांदा चित्रण केलेलें असल्यास नवें संपतें तेथें जुन्याचा शेष निघतो. म्हणून फीत अखेरपर्यंत चालवावी. तीन तासांच्या फितीस तीन तास लागावयाचेच. अमेरिकेस गेलेल्या मराठी कुटुंबांनीं धाडलेल्या फिती बहुधा एनटीएससी पद्धतीच्या, ५२५ ओळींच्या असतात. पालच्या ६२५ ओळींत त्यांचें रूपांतर न करतां त्यांच्याच पद्धतीच्या यंत्रावर त्या वाचाव्या.

बुरशी चढलेली फीत साफ केल्यावांचून यंत्रांत घालूं नये. तीही बिघडते आणि यंत्रही. डब्याच्या कडेची छोटी पट्टी आधीं मोडावी, म्हणजे चुकून नवें चित्रण व्हावयाचें नाहीं. मुख्य नक्कल कांहीं न गाळणाऱ्या प्रकारांत ठेवावी. एफएफव्ही१ हा तसा प्रकार असून त्याचें वर्णन २०२१ सालीं अधिकृतपणें प्रसिद्ध झालें आहे. पाहण्यासाठीं लहान प्रत निराळी करावी. डब्यावरील अक्षराचें छायाचित्र घ्यावें; कोणीं, कधीं, कोणत्या यंत्रावर नक्कल केली व कोठें चित्र तुटलें, हें पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें लिहून ठेवावें. संगणक प्रत्येक प्रतीचा पडताळ्याचा अंक काढून देतो, तोही नोंदावा. पत्राच्या शेवटीं मोर्तब असे तें मागाहून कोणीं भर घालूं नये म्हणून. या अंकाचें काम तेंच आहे.

(५) राहिला प्रश्न अस्सलाचा. नक्कल झाली कीं फिती भंगारांत देण्याची चाल पडली आहे. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं छापला, म्हणून त्यांतील अस्सल पत्रें रद्दींत घालावीं असें कोणी म्हणणार नाहीं. छापील वाचनाविषयीं शंका आली कीं आपण अस्सलाकडेच धांवतों. फितीचीही गोष्ट तीच. शीर्षावरून येणारा मूळ संकेतच टिपून घेऊन चित्र मागाहून संगणकांत बांधण्याची रीत अलीकडे निघाली आहे. तिनें जुन्या नकलेंत न दिसलेला तपशील कित्येकदां हातीं लागतो. पण ज्यानें अस्सल टाकलें त्याला ही वाट बंद झाली. यास्तव संग्राहकांस एवढीच विनंती कीं, फिती कोरड्या, थंड जागीं, चुंबकापासून दूर, उभ्या ठेवाव्या. नक्कल आजच घ्यावी, आणि अस्सल दप्तरांतून काढूं नये.